आयोडीन-131 ची एक कॅप्सूल : जानेवारी ते जुलै

कॅप्सूल गिळायला मला चार सेकंद लागले. त्याआधीचे साडेतीन महिने आणि नंतरचे अडीच महिने कसे गेले ते लिहितेय. तारीख मिळाल्यावर मी रात्र रात्र जागून वाचत होते, तेव्हा एक तर डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं सापडायचं, नाहीतर घाबरवणारं. मी डॉक्टर नाही. शाळेत रसायनशास्त्र बरं होतं आणि आकडेमोड करत बसायची खोड आहे, एवढंच. तुमच्या बाबतीत तुमचे डॉक्टर सांगतील तेच धरा.

6 जानेवारीला केस बांधताना आरशात गळ्याशी गाठ दिसली. सुईने काढलेल्या नमुन्यात थायरॉइडचा पॅपिलरी कॅन्सर निघाला आणि 29 जानेवारीला पूर्ण थायरॉइड ग्रंथी काढली. शस्त्रक्रियेबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून ते सोडून देते. सर्जन म्हणाले, "ग्रंथी काढली तरी पेशींचा थोडा चुरा मागे राहतोच. तो आपण आयोडीनने साफ करू." मला वाटलं, जखमेवर लावायचं आयोडीन. चार दिवस मी तोच समज धरून होते.

17 फेब्रुवारीला न्यूक्लिअर मेडिसिन, म्हणजे किरणोत्सर्गी औषधांनी उपचार करणाऱ्या विभागात पहिली भेट झाली. तिथल्या डॉक्टर बाईंनी कागदावर दोन आकडे लिहिले, 127 आणि 131. आपण खातो त्या मिठातलं आयोडीन 127, तुम्हाला देणार ते 131. दोघांच्या अणूत प्रोटॉन 53 च. न्यूट्रॉन मात्र पहिल्यात 74 आणि दुसऱ्यात 78. चार न्यूट्रॉन जास्त असल्याने दुसरा अणू अस्थिर असतो आणि कधी ना कधी फुटतो. पण रसायनाचं सगळं काम इलेक्ट्रॉनांवर चालतं आणि ते दोघांचे सारखेच, त्यामुळे शरीराला यातला फरक कळत नाही. थायरॉइडची पेशी आयोडीन दिसलं की ओढून घेते, त्याचं वजन विचारत नाही.

समस्थानिक हा शब्द परीक्षेपुरता पाठ केला होता. त्या दिवशी परत येताना तो पहिल्यांदा ऐकल्यासारखा वाटला. सम-स्थान. मूलद्रव्य तेच, न्यूट्रॉन वेगळे, म्हणून आवर्तसारणीत एकाच घरात राहणारे. रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉडी यांनी 1913 मध्ये जो मूळ ग्रीक धाटणीचा 'आयसोटोप' शब्द वापरात आणला (तो त्यांना मार्गारेट टॉड या डॉक्टर बाईंनी सुचवला होता), त्याचाही अर्थ हाच. आयोडीनच्या घरात स्थिर रहिवासी एकटा 127. कथलाच्या घरात असे दहा आहेत. आयोडीनचे बाकी सगळे भाऊबंद किरणोत्सर्गी. कोणी तेरा तासांत निम्मा होतो, कोणी दीड कोटी वर्षांत. 131 चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा व्हायला लागणारा वेळ, आठ दिवसांचं. उपचाराला हे सोयीचं आहे. काम होईपर्यंत तो टिकतो आणि जन्मभर मागे लागत नाही.

त्याच भेटीत फॉर्म भरून घेतला. गरोदर आहात का, बाळाला अंगावर पाजता का, घरात लहान मूल आहे का, स्वतंत्र स्वच्छतागृह आहे का, गेल्या तीन महिन्यांत कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक उमटावं म्हणून देतात ते औषध) देऊन सीटी स्कॅन झालाय का. शेवटच्या प्रश्नाला मी "नाही" लिहिलं आणि ते खरं होतं. तारीख मिळाली 11 मार्च. तोवर थायरॉइडची गोळी सुरू करायची नाही, कारण रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या पेशींना कामाला लावणारं हार्मोन, भरपूर चढायला हवं. ते चढलं की उरलेल्या पेशी आयोडीनसाठी आसुसतात. माझ्या विभागाला निदान 30 हवं होतं.

आता चूक कुठे झाली ते सांगते, कारण ती कुणाचीही होऊ शकते. 21 फेब्रुवारीच्या रात्री पोटात असह्य कळ आली. दुसऱ्याच एका रुग्णालयात धावलो. अपेंडिक्सची शंका म्हणून शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन केला. अपेंडिक्स ठीक होतं. थायरॉइड काढलंय हे मी तिथे सांगितलं होतं, त्यांनी लिहूनही घेतलं, पण कॉन्ट्रास्ट म्हणजे आयोडीनच असतं हे ना मला माहीत होतं, ना तिथे कुणाच्या ध्यानात आलं. आमच्या विभागातही "यापुढे कॉन्ट्रास्ट घेऊ नका" असं कुणी बजावलं नव्हतं. फॉर्म फक्त मागचं विचारतो.

3 मार्चला पूर्वतपासणीसाठी गेले तेव्हा बोलता बोलता पोटदुखीचा विषय निघाला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. 11 तारीख तिथेच रद्द झाली.

तेव्हा मला राग आला, रडूही आलं. पाच आठवडे बिनगोळीचे काढले होते. चेहरा सुजलेला, हात गार, शब्द जिभेवर येऊन परत जायचे. टीएसएच 74 पर्यंत चढलं होतं, म्हणजे शरीर तयार होतं, आणि आता सगळं पुन्हा. घरी येऊन स्कॅनच्या कागदावरून हिशोब मांडला. 100 मिलिलिटर औषध, दर मिलिलिटरला 300 मिलिग्रॅम आयोडीन, म्हणजे 30 ग्रॅम. मोठ्या माणसाची रोजची गरज 150 मायक्रोग्रॅम. भागाकार तीनदा केला, कारण त्या अवस्थेत माझा स्वतःवर विश्वास नव्हता. उत्तर दोन लाख दिवस आलं. मला पाचशेहून जास्त वर्षं पुरेल एवढं आयोडीन एका सुईतून आत गेलं होतं. त्यातलं बहुतेक दिवसाभरात लघवीवाटे निघून जातं, पण मागे जी चिमूट रेंगाळते तीही पेशींचं पोट भरायला पुष्कळ झाली.

आणि मला मिळणार होतं किती? डोस ठरला होता 100 मिलिक्युरी, म्हणजे 3700 मेगाबेकरेल. दर सेकंदाला 370 कोटी अणू फुटणार. आकडा अंगावर येतो. पण एवढ्या डोसात आयोडीन-131 चं वजन भरतं जेमतेम 0.8 मायक्रोग्रॅम, रोजच्या गरजेच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. एकीकडे 30 ग्रॅम आणि दुसरीकडे मायक्रोग्रॅमभरही नाही, आणि पेशीला दोन्ही सारखेच. तारीख का रद्द केली ते मला या बेरीज-वजाबाकीने पटलं, समजुतीच्या शब्दांनी नाही.

नवी तारीख 22 एप्रिल. मधल्या काळात मला टी-3 ची गोळी दिली. हे टी-3 आणि टी-4 म्हणजे थायरॉइडच्या हार्मोनच्या रेणूत आयोडीनचे किती अणू बसलेत तो आकडा. नेहमीची गोळी टी-4 ची असते. ती शरीरातून निम्मी व्हायला आठवडा घेते, टी-3 साधारण दिवसभर. म्हणून टी-3 फक्त दोन आठवडे आधी थांबवली तरी चालते. टीएसएच चढवण्यासाठी दोन दिवस इंजेक्शन देण्याचाही मार्ग असतो, त्यात गोळी बंद ठेवावी लागत नाही. तो महाग आहे आणि सगळीकडे मिळतोच असं नाही. तरी विचारून पाहा. मी विचारलं नव्हतं.

कागदपत्रांची भानगड वेगळीच. विम्याची पूर्वमंजुरी 11 मार्चच्या तारखेला बांधलेली होती, ती रद्द करून नव्याने काढावी लागली. त्यासाठी तारीख का बदलली याचं डॉक्टरांच्या सहीचं पत्र, पॅथॉलॉजीचा अहवाल आणि शस्त्रक्रियेचा डिस्चार्ज कागद पुन्हा जोडला. पहिला अर्ज परत आला, कारण पत्रावर शिक्का नव्हता. मंजुरीला नऊ दिवस गेले. खर्चाचा लेखी अंदाज घ्याल तेव्हा डोस, खोली, रक्ततपासण्या आणि नंतरचा स्कॅन वेगवेगळे मांडून मागा. माझ्या पहिल्या अंदाजात स्कॅन धरलाच नव्हता. आणि एक प्रश्न जरूर विचारा, डोस मागवल्यावर तारीख बदलली तर पैसे कोण भरतो?

हा प्रश्न का, तर हे औषध साठवून ठेवता येत नाही. टेल्युरियमवर अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करून ते बनवतात, आणि बनल्या क्षणापासून ते संपू लागतं. दिवसाला साधारण 8 टक्के. म्हणून डोस अमुक तारखेला, अमुक वाजता 100 मिलिक्युरी भरेल अशा बेताने मागवलेला असतो. तुम्ही आठ दिवस उशिरा गेलात तर डब्यात अर्धाच उरलेला असणार. माझी तारीख आठवडाभर आधी रद्द झाली, डोस निघायच्या आत. त्यामुळे भुर्दंड वाचला.

8 एप्रिलपासून टी-3 बंद आणि कमी आयोडीनचं जेवण सुरू. आयोडीनयुक्त मीठ, समुद्रातलं काहीही, दूध-दुभतं आणि अंड्याचा बलक वर्ज्य. मीठ नाही असं नाही, बिनआयोडीनचं चालतं, पण समुद्री मीठ नको. विकतच्या तयार पदार्थात कोणतं मीठ आहे ते कळत नाही, त्यामुळे ते बादच. खोकल्याची औषधं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, जखमेवरचा तपकिरी मलम यांतही आयोडीन असू शकतं, तेव्हा घरातली सगळी औषधं एकदा विभागाला दाखवून घ्या. 17 एप्रिलला लघवीतलं आयोडीन तपासलं. ते खाली आलं होतं. 20 ला टीएसएच 61. हो म्हणाले.

22 एप्रिल, सकाळी नऊ. आधी गरोदरपणाची चाचणी. मग संमतीपत्र, चार पानी. त्यातलं सहा महिने गर्भधारणा टाळण्याचं कलम मोठ्याने वाचून दाखवलं आणि तिथे वेगळी सही घेतली. किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी आले, मृदू बोलणारे, बोलताना सतत पेनाचं टोपण उघडझाप करणारे. त्यांनी खोली दाखवली. जाड भिंती, एक पलंग, टेबलावर आणि दाराच्या मुठीवर प्लॅस्टिकचं वेष्टण. स्वच्छतागृहाचं पाणी थेट गटारात जात नाही, खालच्या टाक्यांत साठवतात आणि किरणोत्सर्ग पुरेसा उतरला की मगच सोडतात. जे कपडे, वस्तू मागे ठेवाव्या लागल्या तर चालतील तेच आत न्या, असं ते म्हणाले. फोन पातळ पारदर्शक पिशवीत घालून चिकटपट्टी लावली. मी एक जाड कादंबरीही नेली होती.

साडेअकराला कॅप्सूल आली. शिशाच्या जड भांड्यात प्लॅस्टिकची नळी आणि त्या नळीत ती. दिसायला साधी, कुठल्याही तापाच्या गोळीसारखी. तंत्रज्ञ म्हणाल्या, "ताई, नळी तोंडाला लावा, हाताने धरू नका, आणि चावू नका. वर दोन पेले पाणी." मी गिळली. त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि दार लागलं. खरं सांगायचं तर सगळ्या प्रक्रियेत मला सर्वात जास्त लागली ती ती दोन पावलं. नंतर कळलं की त्यांना हे रोज करायचं असतं, माझ्यासारख्या कितीतरी जणांसाठी, आणि अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाईवर येते. त्या दोन पावलांत माझा तिटकारा कुठेच नव्हता. पण दार लागलं तेव्हा हे काही सुचलं नाही.

दुपारी दाराशी उभं राहून त्यांनी एक मीटरवरून माप घेतलं : तासाला 168 मायक्रोसिव्हर्ट (अंगाला लागणाऱ्या किरणांच्या मात्रेचं एकक). पुढचे दोन दिवस माझं काम एकच, पाणी पिणं आणि ते बाहेर टाकणं. थायरॉइडच्या पेशींनी जे उचललं नाही ते बहुतेक पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे जातं. बसूनच लघवी करायची, झाकण लावून दोनदा पाणी सोडायचं. आंबट गोळ्या कधीपासून चघळायच्या ते त्यांनी सांगितलं होतं, कारण लाळग्रंथीही आयोडीन ओढतात आणि सुजू शकतात. माझी उजवी दुसऱ्या दिवशी सुजलीच. पहिल्या रात्री मळमळ होती. तोंडाची चव गेली, ती परत यायला तीन आठवडे लागले. बाकी दुखणं काही नाही, आणि नेमकं तेच विचित्र वाटतं. आत एवढा गोंधळ चाललेला आणि अंगाला पत्ता नाही.

आत काय चाललं होतं? फुटणारा प्रत्येक अणू एक बीटा कण फेकतो, म्हणजे वेगाने सुटलेला इलेक्ट्रॉन. तो ऊतीत फार तर दोन-एक मिलिमीटर जाऊन थांबतो. उपचार तो करतो, आणि त्याचा पल्ला आखूड असल्यामुळेच शेजारचं फारसं बिघडत नाही. बहुतेक वेळा जोडीला गॅमा किरण निघतो, तो शरीराबाहेर पडतो. दाराबाहेरच्या यंत्राला दिसत होता तो हाच. आणि बीटा टाकल्यावर तो अणू आयोडीन राहतच नाही. एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, 53 चे 54 होतात आणि झेनॉन-131 तयार होतो. स्थिर, कुणाशी सहसा जोडला न जाणारा वायू. रक्तातून फुप्फुसात, तिथून श्वासावाटे बाहेर. दुसऱ्या रात्री झोप येईना तेव्हा मी या झेनॉनचाच विचार करत पडले होते.

माप 23 ला दुपारी 61 झालं, 24 ला सकाळी 19. घरी सोडण्याची मर्यादा देशोदेशी वेगळी असते, मी आमच्या विभागाच्या आकड्याखाली आले होते. आंघोळ करून नवे कपडे घातले. बाहेर पडताना वस्तूंवरून छोटं यंत्र फिरवलं. फोन ठीक, चष्मा ठीक. कादंबरीवर यंत्र कडकडलं. अधिकारी पानांचे कोपरे बघत म्हणाले, "तुम्ही बोटाला थुंकी लावून पानं उलटता का?" चाळिशी गाठली तरी ही सवय सुटलेली नाही. लाळेत आयोडीन, बोटावरून कागदावर. 40 पानं वाचायची राहिली होती. पुस्तक पिशवीत बंद झालं, त्यावर तारखेची चिठ्ठी लागली. "दहा अर्धायुष्यं जाऊ द्या. 11 जुलैनंतर घेऊन जा."

जाताना एक पत्र मिळालं, कोणतं समस्थानिक, किती, कोणत्या तारखेला दिलं ते लिहिलेलं. हे जपा. विमानतळावरची संवेदनशील यंत्रं आठवडेच काय, काही महिन्यांनीही ओरडू शकतात. मी त्याच्या तीन प्रती काढून एक पर्समध्ये ठेवली. नेहमीचं मीठ त्याच दिवशी सुरू झालं, टी-4 ची गोळी 25 एप्रिलपासून.

माझा मुलगा पाच वर्षांचा. लहान मुलांपासून अंतर जास्त दिवस पाळायला सांगतात. मला 8 मेपर्यंत सांगितलं होतं, म्हणजे गिळल्यापासून दोन अर्धायुष्यं. तो आजीकडे गेला. जायच्या आधी आम्ही एक लांब कागदी पट्टी केली होती. दर आठ दिवसांनी ती मधोमध दुमडायची आणि अर्धी कापून टाकायची, उरेल तेवढं आईतलं औषध. 30 एप्रिलला त्याने फोनवर कापली. 8 मेला दुसऱ्यांदा कापून तुकडा हातात घेऊनच आला आणि दारातच विचारलं, "आता एवढंच?" खरं तर त्याहून पुष्कळ कमी होतं, कारण शरीराने आधीच बहुतेक बाहेर टाकलेलं. ते समजावत बसले नाही. आधी उचलून घेतलं. पुढे पाचव्या कापणीनंतर तुकडा कात्रीत धरवेना, तेव्हा संपलं असं त्याने जाहीर केलं. शास्त्राला ते मान्य नाही, अर्ध्याचं अर्ध कधी संपत नाही. पण घरापुरतं ठीक.

मधल्या त्या दोन आठवड्यांत मी आणि नवरा वेगळ्या खोलीत झोपत होतो, जेवायला टेबलाच्या दोन टोकांना. टॉवेल, ताट वेगळं, कपडे वेगळे धुतले. 29 एप्रिलला पूर्ण शरीराचा स्कॅन झाला. त्यासाठी वेगळं काही द्यावं लागत नाही, आतून येणाऱ्या त्याच गॅमा किरणांनी चित्र उमटतं. चाळीस मिनिटं हलायचं नाही. अहवाल तीन दिवसांनी मिळाला : गळ्याशी दोन ठिपके, म्हणजे राहिलेला चुरा, आणि इतरत्र काही नाही. लाळग्रंथी, पोट आणि मूत्राशयही चित्रात उजळलेले दिसतात. ते नेहमीचंच असतं. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून चित्र बघून मी हबकले. तुम्ही हबकू नका.

शेजारणीने एकदा फाटकातूनच विचारलं, आता धोका नाही ना. मी हिशोब सांगितला, तिला तो नको होता. तरी इथे लिहिते. आपल्या सगळ्यांच्या अंगात पोटॅशियम-40 असतं, तेही किरणोत्सर्गी, पृथ्वीहूनही जुनं. मोठ्या माणसात त्याचे सेकंदाला चारेक हजार अणू फुटत असतात, जन्मापासून मरेपर्यंत. माझी कॅप्सूल त्याच्या नऊ लाख पट होती. जुलैपर्यंत, काहीच बाहेर टाकलं नसतं तरी, ती 1024 पटीने उतरली असती.

14 जुलैला पुस्तक आणायला गेले. अधिकाऱ्यांनी आधी यंत्र रिकाम्या बोळात धरलं, 0.1. मग पिशवी उघडून पुस्तकावर धरलं, पानांच्या कोपऱ्यांवर जरा जास्त वेळ. 0.1. नोंदवहीत माझी सही घेतली, तारीख, वेळ, वस्तूचं वर्णन : "पुस्तक, एक." परतताना गाडीत राहिलेली पानं वाचायला घेतली. बोट तोंडाकडे गेलं होतं, तसंच खाली आणलं.